साळवे मॅडमची बाळखोली

साळवे मॅडम तान्ह्या बाळांना अहो म्हणायच्या. लाळ गाळणारं, टोपडं एका कानावर घसरलेलं एखादं बाळ आईच्या खांद्यावरून खोलीत आलं की मॅडम खुर्चीवरून उठायच्या. "या, या. उन्हाचे आलात. बसा." आया तोंडाला पदर लावून हसायच्या. एकदा एक आजीबाई म्हणाल्या, "मॅडम, त्याला अजून मान सावरंना, अन् तुम्ही त्याला अहो म्हणता व्हय?" मॅडमनी अगदी गंभीरपणे सांगितलं, "आपण बोलावलं म्हणून ते आलेत. आपलं काम करून देणार आहेत. पाहुण्याला अरेतुरे कसं करायचं?"

मी त्यांच्याकडं कामाला लागले तेव्हा आमच्या शहराचं नाव औरंगाबाद होतं, त्या निवृत्त झाल्या तेव्हा छत्रपती संभाजीनगर झालेलं होतं. मधली सगळी वर्षं मी त्यांची प्रकल्प सहायक होते. मॅडम एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या. लहान मुलांचं मन कसं घडतं हा त्यांचा विषय. बोलता येण्याआधी बाळाला काय काय कळतं, चेहरा कधी ओळखू येतो, झाकलेली वस्तू तिथंच आहे हे कधी समजतं, असले प्रश्न. विभागाच्या मागं जुन्या बाकांची एक अडगळीची खोली होती, ती रिकामी करून त्यांनी तिथं या कामासाठी जागा केली. कागदोपत्री तिचं नाव मोठं लांबलचक होतं. सगळे तिला बाळखोली म्हणायचे.

खोलीत मुद्दामच काही नव्हतं. पांढुरक्या भिंती, जमिनीवर गादी, एक बुटकं टेबल, आणि एका कोपऱ्यात पडदा. पडद्यामागं कॅमेरा आणि मी. भिंतीवर ससा-हत्तीची चित्रं लावू या, असं मी पहिल्याच आठवड्यात सुचवलं. मॅडम म्हणाल्या, "मग ती सशाला बघतील. आपल्याला कोण बघणार?" बाळं यायच्या दिवशी त्या नेहमी एकच फिकट राखाडी साडी नेसायच्या, बांगड्या काढून पर्समध्ये ठेवायच्या. एप्रिलमध्येसुद्धा काम सुरू झालं की कूलर बंद, कारण बाळं कूलरच्या आवाजाकडं माना वळवत. आम्ही घामानं निथळायचो, बाळ मात्र झबल्यात मजेत असायचं. एवढं करूनही एकदा छताजवळ पाल आली. त्या सकाळी आलेल्या प्रत्येक बाळानं आमच्या खेळण्यांकडं ढुंकूनही न पाहता पालीचा अभ्यास केला. शेवटी मॅडम गादीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आज पाल जिंकली. चला, चहा घेऊ."

माझी पहिली परीक्षा त्यांनी याच खोलीत घेतली. एका बाळासमोर त्यांनी खुळखुळा धरला, मग तो रुमालाखाली झाकला. बाळ निघून गेल्यावर मला विचारलं, "काय झालं?"

"बाळ चिडलं," मी म्हणाले.

"ते तुला वाटलं. दिसलं काय?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी तो पुन्हा विचारला. मी आठवून आठवून सांगू लागले. त्यानं मूठ आवळली. पाय ताठ केले. रुमालाकडं बघितलं, मग आईकडं, मग तोंड डावीकडं वळवलं.

"आता बोललीस. दिसलं ते आधी सांगायचं, वाटलं ते मागाहून." हे वाक्य पुढं मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं, की घरी नवऱ्याशी भांडतानाही ते आठवायचं आणि भांडणाचा जोरच जायचा.

मॅडम मूळच्या सोयगावच्या. वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. घरी बाबासाहेबांचा फोटो, त्याच्याखाली पुस्तकांचं कपाट, आणि त्या कपाटापुढं रांगणारी सहा भावंडं. मॅडम सगळ्यांत थोरल्या, म्हणजे पाठची पाच त्यांनीही अर्धीमुर्धी वाढवलेली. लग्न त्यांनी केलं नाही. याबद्दल लोक बोलायचे. "स्वतःला लेकरू नाही, आणि लोकांच्या लेकरांवर संशोधन," असं विभागातल्या एका गृहस्थांनी त्यांच्यादेखत म्हटलं होतं. मॅडमनी चष्मा पुसला आणि शांतपणे विचारलं, "सर, तुम्ही गुन्हेगारांचं मानसशास्त्र शिकवता ना?" खोलीत हशा झाला. ते सरही हसले. मॅडमची आई मात्र जास्त बिनतोड होती. एकदा ती बाळखोली बघायला आली. दिवसभर गादीच्या कडेला बसून सगळं न्याहाळलं आणि संध्याकाळी म्हणाली, "आक्के, लेकरं बघायचा पगार देत्यात तुला? मग माझा सहा लेकरांचा कोण दिईल?" मॅडम हे आम्हाला वर्षानुवर्षं सांगायच्या, दर वेळी आईचा आवाज काढून.

मोठ्या मुलांचे प्रयोग आम्ही शाळांमधून करायचो. पडेगावच्या एका शाळेत गेलो होतो. प्रयोग साधा होता. सारख्या आकाराच्या दोन ग्लासांत सारखं पाणी ओतायचं आणि विचारायचं, कशात जास्त आहे? मूल म्हणतं, सारखंच. मग त्याच्यासमोरच एका ग्लासातलं पाणी उंच, निमुळत्या भांड्यात ओतायचं आणि पुन्हा विचारायचं. बहुतेक लहान मुलं म्हणतात, उंच भांड्यात जास्त. पुस्तकं सांगतात की या वयाला पाण्याची उंची दिसते, पण पाणी तेवढंच राहिलं हे कळत नाही.

मुस्कान नावाची पहिलीतली मुलगी समोर होती. दोन घट्ट वेण्या, आणि समोरचा दात पडलेला. तिनंही आधी सारखं आणि मग जास्त असंच उत्तर दिलं. मॅडमनी तिला शाबासकी दिली. ती उठली, दारापर्यंत गेली, आणि तिथूनच वळून म्हणाली, "टीचर, पानी तो उतनाच है ना?"

"मग तू जास्त का म्हणालीस?"

"मैं पैले बोली थी ना, बराबर है करके. फिर तुम फिरसे पूछे. हमारे टीचर फिरसे पूछते तो पैलेवाला गलत रहता."

मॅडम एकदम मोठ्यानं हसल्या. मुस्कानही हसली आणि पळाली.  पण परतताना आमची रिक्षा दौलताबादच्या रस्त्यावर ट्रकच्या मागं अडकली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "तीन शाळा झाल्या गं आपल्या. सगळीकडं दोनदा विचारलंय." नंतर माझ्या वाचनात आलं की ही शंका दुसऱ्या देशांतल्या अभ्यासकांनाही येऊन गेली होती, आणि मॅडमना ती माहीत होती. वर्गात त्यांनी ती शिकवलीही होती. "शिकवलं, पण हातात उतरलं नव्हतं," असं त्या स्वतःच म्हणाल्या. त्या तिन्ही शाळांत आम्ही पुन्हा गेलो. या वेळी पाणी ओतून झाल्यावर एकदाच विचारायचं. सगळी मुलं सारखं म्हणाली असं नाही. काहींना खरंच उंच भांड्यात जास्त वाटत होतं. पण आधीपेक्षा कितीतरी जास्त मुलं सारखं म्हणाली. पुढच्या वर्षीपासून मॅडम वर्गातला पहिला तास असाच सुरू करायच्या: "लेकरू चुकलं असं वाटलं, तर आधी आपला प्रश्न तपासा." आणि मग मुस्कानची गोष्ट सांगायच्या, पडलेल्या दातासकट.

आयांच्या बाबतीतही असंच काहीतरी व्हायचं. आपलं बाळ 'पास' व्हावं असं प्रत्येक आईला वाटायचं. आम्ही कितीही सांगितलं, इथं पास-नापास नाही, तरी आई मांडीवरच्या बाळाला हळूच योग्य बाजूला झुकवायची. एकीनं तर कौतुकानं सांगितलं, "मॅडम, मी जरा ढोसलं त्याला. नायतर झोपतच होता." त्यानंतर मॅडमनी गुलमंडीच्या बाजारातून काळे गॉगल आणले. प्रयोग चालू असताना आईनं गॉगल घालायचा, म्हणजे काय झाकलंय, कुठं झाकलंय, हे तिलाच दिसायचं नाही. गॉगलच्या काचांना आतून कागद चिकटवायचं काम माझं. नऊवारी नेसलेल्या आज्या, बुरख्यातल्या आया, वाळूजच्या कंपनीतून सुट्टी घेऊन आलेले बाप, सगळे काळा गॉगल लावून गादीवर बसलेले. ते फोटो अजून माझ्याकडं आहेत. बघितले की हसू येतं.

आता रेखाची गोष्ट.

तेव्हा आमचं काम आई आणि बाळ एकमेकांना कसा प्रतिसाद देतात यावर चाललं होतं. पद्धत जुनी आणि जगभर वापरली जाणारी. आईनं बाळाला समोर बसवून थोडा वेळ नेहमीसारखं खेळवायचं. मग थोडा वेळ चेहरा अगदी कोरा ठेवायचा, हसायचं नाही, बोलायचं नाही. मग पुन्हा खेळायचं. आईचा चेहरा कोरा झाला की बाळ आधी बुचकळ्यात पडतं. मग हसून बघतं, हात पुढं करतं, आवाज काढतं. आईला परत आणायचा जमेल तेवढा प्रयत्न करतं. नाहीच जमलं तर रडतं. मधला भाग बघणं कुणालाच सोपं जायचं नाही. मॅडम तो होईल तेवढा आखूड ठेवायच्या, आणि आईला जड गेलं तर लगेच थांबायची मुभा असायची.

रेखा वाळूजहून आली होती. विशीतली असेल. नवरा कारखान्यात पाळीवर, म्हणून सोबत सासू. पाच-सहा महिन्यांची मुलगी, परी. स्वच्छ न्हाऊमाखू घातलेली, काजळ-तीट लावलेली. सासूला बाहेर बाकावर बसवलं, मॅडम माझ्याजवळ पडद्यामागं आल्या, आणि पहिला भाग सुरू झाला.

रेखा परीशी खेळत होती. म्हणजे तिला सांगितलं होतं तेवढं सगळं करत होती. टाळ्या वाजवल्या, "परी, ए परी" म्हणाली. पण परी तिच्याकडं बघत नव्हती. ती टेबलाच्या कडेकडं बघायची, स्वतःच्या हाताकडं बघायची. रेखाचा चेहरा समोर आला की तिची नजर बाजूला सरकायची. हाक मारली तरी सरकायची. रडणं नाही, कुरकुर नाही.

मला वाटलं, बाळातच काही दोष आहे. मॅडमनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "कॅमेरा बंद कर."

"अजून दुसरा भाग..."

"दुसरा भाग तिच्या घरी रोजच चाललाय," त्या हळूच म्हणाल्या, आणि पडदा सारून आत गेल्या.

त्या गादीवर रेखाच्या शेजारी बसल्या. समोर नाही, शेजारी. परीला त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतलं नाही, जवळ पालथं ठेवलं. आणि रेखाला विचारलं, "सकाळी काय खाल्लं गं माय?"

 रेखाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चेहरा तसाच, नुसतं पाणी. मग म्हणाली, "मला हिच्याकडं बघूच वाटंना, मॅडम. समदं करते मी हिचं. पर बघूच वाटंना. मी लई वाईट आई हाय."

"झोप येते?"

"नाय."

"मनात दुसरं काही येतं? जिवाचं काही करून घ्यावं असं?"

मी दचकले. असं थेट कुणी विचारतं का? पण रेखानं मान वर केली. कुणीतरी विचारलं याचंच तिला बरं वाटल्यासारखं दिसलं. "येतं," ती म्हणाली. "येतं, जातं."

मॅडमनी सासूबाईंना आत बोलावलं. त्या घाबऱ्याघुबऱ्या आल्या. "लेकराला काय झालंय?"

"लेकरू ठणठणीत आहे, मावशी. आई आजारी आहे."

"आजारी? सैपाक, धुणं, पाणी, समदं तर करती."

"करते. अंगात आजार घेऊन करते. बाळंतपणानंतर काहींना हा होतो. औषधानं, विश्रांतीनं बरा होतो. तिचा दोष नाही, तुमचाही नाही. पण एकटं सोडायचं नाही तिला. आत्ताच दवाखान्यात जाऊ. मी येते सोबत."

मावशी रेखाकडं बघत राहिल्या. मला वाटलं आता काहीतरी बोलतील, टाकून. त्या म्हणाल्या, "धाकल्याच्या टायमाला मला असंच झालतं. मला कुणी इचारलं नाय." आणि त्यांनी परीला उचलून घेतलं.

मॅडम त्याच दुपारी सगळ्यांना घेऊन सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या ओपीडीत गेल्या, राखाडी साडीत आणि बांगड्यांशिवाय. दुसऱ्या दिवशी विभागात वाद झाला. प्रकल्पात त्यांच्यासोबत असलेले एक सहकारी माणूस म्हणून वाईट नव्हते, पण शिस्तीचे होते. त्यांचं म्हणणं, दवाखान्यात पाठवलं ते योग्यच झालं. पण मॅडम आता स्वतः रेखाच्या घरी जात राहणार म्हणताहेत, ते बरोबर नाही. आपण अभ्यासक आहोत, उपचारक नाही. आणि आता ती जोडी अभ्यासात धरता येणार नाही.

"नका धरू," मॅडम म्हणाल्या.

"तशा आणखी किती असतील? आधीच बाळं कमी पडताहेत."

"तेच तर. आणखी किती असतील, आणि आपण त्यांना चेहरा कोरा ठेवा म्हणून सांगितलं असेल."

त्यानंतर आमची पद्धत बदलली. कोणताही खेळ सुरू करायच्या आधी मॅडम प्रत्येक आईशी एकटीशी बोलायच्या. झोप, खाणं, घर, मन. यात खूप वेळ जायचा. काही आयांना आम्ही प्रयोग न करताच दवाखान्यात पाठवलं. काम रेंगाळलं, मुदत संपली, वाढवून मागितली ती मिळाली नाही. ज्या अभ्यासावर मॅडमनी एवढी वर्षं घातली होती, त्याचा शेवटी एक लहानसा लेख झाला. "एवढ्या कमी जोड्यांवरून ठाम काही म्हणता येत नाही," असं त्यांनी स्वतःच त्यात लिहिलं. त्यांना वाईट वाटलं. वाटलं नाही असं त्यांनी कधी भासवलं नाही. लेख छापून आला त्या दिवशी तो टेबलावर ठेवून त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. मी चहा आणला तो गार झाला.

पण वाळूजला त्या जात राहिल्या, स्कूटीवरून, बहुतेक शनिवारी. कधी मी मागं असायचे. तिथं जाऊन त्या सल्ले द्यायच्या नाहीत. रेखाबरोबर भाजी निवडायच्या, गोळ्या घेतल्या का विचारायच्या, मावशींशी सोयगावच्या बाजाराच्या गप्पा मारायच्या. परी कुठंतरी चटईवर असायची. रेखा हळूहळू बरी होत गेली. मधे एकदा पुन्हा बिघडली, गोळ्या मनानंच सोडल्या होत्या म्हणून. मग पुन्हा सावरली. तिचा नवरा सुरुवातीला मॅडमना बघून बाहेर निघून जायचा. नंतर नंतर तोच फोन करून सांगायला लागला, "आज झोपली होती चांगली."

एका शनिवारी आम्ही गेलो तर दार उघडंच होतं. रेखा आत पोळपाटाशी बसली होती, पाठमोरी. समोर परी, आता बसायला लागलेली, हात पिठात बुडवलेले. रेखा लाटण्यानं ताटलीवर आवाज काढायची आणि थांबायची. परी डोळे मोठे करून तिच्या तोंडाकडं बघायची. रेखा "आली, आली, आली..." म्हणत पुन्हा ताटली वाजवायची, आणि परी खदखदून हसायची. रेखाही हसायची. पीठ सगळीकडं सांडलं होतं.

मी हाक मारणार, तोच मॅडमनी माझा दंड धरला. आम्ही उंबऱ्याबाहेर तशाच उभ्या राहिलो. मॅडमचा चष्मा धुरकटला होता. मग त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "चल. आपलं काय काम आता मधे?" भेटलोच नाही. स्कूटी थोडी लांब ढकलत नेऊन मग सुरू केली. त्यांनी ढकलली, मी नुसतीच मागून चालले.

मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाचा मोठा समारंभ त्यांनी होऊ दिला नाही. बाळखोलीची गादी एका अंगणवाडीला गेली, खोलीत परीक्षेच्या जुन्या उत्तरपत्रिका आल्या. आई आता फार थकली होती, म्हणून मॅडमनी सोयगावला राहायला जायचं ठरवलं. तिथं गेल्यावर दोन पावसाळे त्यांनी आईची सेवा केली. आईच्या मागोमाग थोड्याच दिवसांत त्याही गेल्या, झोपेत. मला त्यांच्या धाकट्या भावानं फोनवर सांगितलं. म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते बसस्थानकावरच, त्या शहर सोडून निघाल्या त्या दिवशी.

सामान आधीच टेम्पोनं गेलं होतं. हातात एक पिशवी आणि पाण्याची बाटली. मी आत चढून त्यांना खिडकीची जागा मिळवून दिली. पाया पडले तर म्हणाल्या, "असू दे गं. जय भीम. जेवत जा वेळेवर." मी खाली उतरून खिडकीशी उभी राहिले. बस भरत होती. गेले कित्येक दिवस आवराआवरीत त्यांना नीट झोप मिळाली नव्हती. बोलता बोलताच त्यांचं डोकं खिडकीच्या गजाला टेकलं आणि डोळा लागला. मी उठवलं नाही.

पुढच्या सीटवर एक बाई बसली होती, तिच्या खांद्यावर वर्षभराचं एक बाळ. तोंडात बिस्किट, गालाला बिस्किट. बाळानं इकडंतिकडं बघितलं आणि मग त्याला झोपलेल्या मॅडम दिसल्या. बिस्किट चघळायचं थांबलं. त्यानं एका हातानं सीटचा दांडा धरला, मान थोडी तिरकी केली, आणि त्यांच्या किंचित उघड्या तोंडाकडं, नाकावर घसरलेल्या चष्म्याकडं, पांढऱ्या केसांकडं पापणी न लववता बघू लागलं. कंडक्टरनं घंटी मारली. बस मागं सरली, वळली, फाटकातून बाहेर पडली. दिसत होतं तोवर ते बघतच होतं.